देवी काढाव्या की न काढाव्या?



आजचा आमचा विषय दंडावरच्या दोन-चार वणांएवढाच आहे. पण त्या वणांमागे दोनशे वर्षांचे भांडण आहे. मराठी भाषेने ज्या रोगाला 'देवी' असे नाव दिले, त्याच्या उपायालाही तिने तेच नाव चिकटवून ठेवले. अंगावर फोड उठले म्हणजे 'देवी आल्या', आणि सरकारी माणसाने दंडावर लस टोचली म्हणजे 'देवी काढल्या'. गावोगाव फिरून टोचणारा तो 'देवी डॉक्टर'. ऐकावयास हे गमतीचे वाटते. पण जिच्या घरात देवी पाहुणी म्हणून आलेली आहे, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला आहे, चुलीवर फोडणी टाकावयाची नाही असा ज्या घराचा नेम आहे, त्या घरातल्या आईला एक परका मनुष्य येऊन म्हणतो, 'बाई, पुढच्या लेकराच्या देवी काढून घ्या.' तिने काय करावे?

लस घ्यावी की न घ्यावी हा निर्णय ज्याचा त्याचा, असे म्हणण्याची आज रीत आहे. इतिहास चाळू लागलो म्हणजे आम्हांला निराळे काही दिसते. लोकांनी लस घेतली किंवा नाकारली ती वैद्यकाचा खल करून क्वचितच. सुई कोणाच्या हातात आहे, तो हात यापूर्वी आपल्या दारी कशासाठी आला होता, हे पाहूनच बहुतेकांनी दंड पुढे केला किंवा मागे घेतला. आणि दुसरे असे की, जो निर्णय 'ज्याचा त्याचा' म्हणतात तो बहुधा ज्याचा असतो त्याने घेतलेलाच नसतो. आईबापांनी मुलासाठी घेतलेला असतो, मालकाने चाकरासाठी किंवा सरकारने कैद्यासाठी.

हिंदुस्थानात पहिली लस लागू पडली ती आपल्या मुंबईत, १४ जून १८०२ रोजी. जेन्नरने इंग्लंडात आपला प्रयोग केला होता १७९६ साली. मधली काही वर्षे ही लस हिंदुस्थानात जिवंत कशी आणावी या खटपटीत गेली. उन्हाने ती मरे. अखेर व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, तेथून बगदाद व बसरा, आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई, अशी ती आली. मुंबईत वीसएक मुलांना ती टोचण्यात आली आणि त्यांपैकी एकीलाच लागू पडली. तिचे नाव ॲना डस्टहॉल, वय तीन वर्षे. तिच्या दंडावर जो फोड आला त्यातील द्रव काढून पुढच्या मुलांना टोचला, त्यांच्या दंडांवरून आणखी पुढच्यांना, आणि असे करीत करीत ती लस दक्षिणेत मद्रासपर्यंत पोहोचली. फोड पुनःपुन्हा उघडून द्रव काढताना ती पोर फार शांत राहिली, अशी तिची वाखाणणी त्या वेळच्या डॉक्टरांनी लिहून ठेवली आहे. तीन वर्षांच्या मुलीची संमती घेण्याचा प्रश्न कोणाच्या डोक्यात येणेच शक्य नव्हते. तरी एवढे ध्यानात ठेवावे की हिंदुस्थानातील लसीची सारी परंपरा एका अशा दंडापासून सुरू होते, ज्याच्या धनिणीला कोणी काही विचारले नव्हते.

ही दंडावरून दंडावर लस नेण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ चालली, आणि लोकांच्या विरोधाचे मर्म तिच्यात आहे. आम्ही आज बाटलीतील लस पाहतो; ती कोठून आली हे विचारीत नाही. त्या काळी ती कोठून आली हे डोळ्यांसमोर दिसे. मुलाला टोचले की आठव्या दिवशी त्याला परत आणावयाचे. फोड भरला असेल तर त्याला शस्त्र लावून त्यातील द्रव दुसऱ्या लेकरांसाठी काढून घ्यावयाचा. आपले मूल वाचावे म्हणून आई एकवेळ पहिल्या दिवशी येई. आठव्या दिवशी मात्र ती येतच नसे. तापाने फणफणलेल्या पोराचा फोड परक्याच्या मुलासाठी कोण फोडू देईल? त्यातही हे दुसरे मूल कोणत्या जातीचे, आणि आपल्या मुलात ज्याचा द्रव गेला ते कोणत्या जातीचे, हा प्रश्न होताच. वरच्या म्हणविणाऱ्या जातींना खालच्यांच्या दंडावरचा द्रव नको असे. परिणामी ज्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती अशा गरिबांची मुले, हातावर चार पैसे ठेवून, दंड पुरविण्यासाठी गावोगाव नेली जात. अंधश्रद्धा म्हणून या सगळ्या विरोधाची वासलात लावणारे पुष्कळ आहेत. आम्हांला तसे वाटत नाही. आठव्या दिवशी घरी बसणाऱ्या आईचे गणित स्वार्थाचे असेल, अडाणीपणाचे नव्हते.

पुढे वासराच्या अंगावर लस वाढविण्याची रीत आली आणि दंडांची ही साखळी हळूहळू तुटली. मग गाईच्या वंशाला पीडा होते ही नवी हरकत निघाली, ती वेगळी. दरम्यान १८७७ साली मुंबई शहरापुरता मुलांना देवी टोचणे सक्तीचे करणारा कायदा झाला. दंड पुढे करा, नाहीतर दंड भरा! आपल्या भाषेत दोन्हींना शब्द एकच आहे, हा निव्वळ योगायोग. पण कायद्याचे सार त्यात चोख उतरले आहे.

आता प्लेगाकडे वळू. देवींच्या बाबतीत जे पाऊण शतकात संथपणे घडले, ते प्लेगात पाच वर्षांत घाईने आणि रक्तपाताने घडले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. ऑक्टोबर संपता संपता गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेथे नेलेला मनुष्य परत येत नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. मार्चपासून पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घरांत शिरू लागले. देवघरापर्यंत बूट, बायकामाणसांची तपासणी, सामानाची होळी. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हा इतिहास या शहरात कोणाला सांगावयास नको.

त्याच सुमारास मुंबईत दुसरे एक काम चालले होते, तिकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. वाल्डेमार हाफकिन नावाचा, रशियातील ओडेसाचा एक ज्यू शास्त्रज्ञ पूर्वी पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत होता. पटकीची लस त्याने १८९२ मध्येच काढली होती आणि ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो कलकत्त्याहून मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्याने तीन महिन्यांत प्लेगाची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई पुन्हा स्वतःलाच टोचून घेतली. मात्रा इतरांस द्यावयाच्या मात्रेपेक्षा पुष्कळ मोठी होती. ताप आला, वेदना झाल्या. त्या अंगावर काढून तो कामावर राहिला. दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या.

त्याआधी जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली होती. स्वखुशीने पुढे येणाऱ्या कैद्यांना लस टोचण्यात आली. बाकीचे जवळजवळ तेवढेच कैदी न टोचता राहिले. न टोचलेल्यांत बाराजणांना रोग झाला, सहा मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, एकही मेला नाही. गजांआडच्या माणसाच्या 'स्वखुशी'ला किती किंमत द्यावी हे ज्याने त्याने ठरवावे. आकडे मात्र बोलके होते. दमणला, पोर्तुगीजांच्या हद्दीत, त्याच वर्षी सुमारे २२०० लोकांनी लस घेतली व सुमारे ६००० लोकांनी घेतली नाही. पहिल्यांत चाळिसाच्या आत माणसे दगावली, दुसऱ्यांत जवळजवळ दीड हजार.

आणि उंधेरा! हे बडोद्याजवळचे, सयाजीराव महाराजांच्या राज्यातले लहानसे गाव. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग होता. हाफकिनने असे केले: प्रत्येक कुटुंबातील माणसे एकत्र बसवावयाची आणि त्यांतील अर्ध्यांना टोचावयाचे, अर्ध्यांना नाही, दोन्ही अर्धुकांत म्हातारे, मुले, धट्टेकट्टे, दुबळे सारखे यावेत इतकी काळजी घ्यावयाची. घर तेच, पाणी तेच, उंदीर तेच; फरक एका सुईचा. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला त्यांतील टोचलेल्यांपैकी तिघे मेले, न टोचलेल्यांपैकी सव्वीस. शास्त्राच्या दृष्टीने इतका स्वच्छ पुरावा त्या काळात दुसरा सापडणे कठीण. पण त्या घरांचा विचार करा. एक भाऊ ओळीत या बाजूस बसला होता, दुसरा त्या बाजूस. येथे घ्यावी की न घ्यावी हे कोणीच ठरविले नव्हते. बसण्याच्या जागेने ठरविले. हा प्रयोग आज कोणी करू धजणार नाही, आणि तो केला नसता तर पुढच्या हजारो लोकांना लस घ्या म्हणून सांगावयास इतके खणखणीत प्रमाण मिळाले नसते. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा हे आम्हांला आजतागायत साधलेले नाही.

आकड्यांनी लोक आले काय? थोडे आले. आले ते दुसऱ्याच कारणाने. मुंबईच्या खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान तेव्हा अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. आपल्या अनुयायांत लसीविषयी भीती आहे हे पाहून त्यांनी सर्वांदेखत स्वतःला लस टोचून घेतली, एकदाच नव्हे तर पुनःपुन्हा, आणि ही बातमी जितकी दूर जाईल तितकी जाऊ दिली. आपला खुश्रू लॉज हा बंगला त्यांनी हाफकिनला प्रयोगशाळेसाठी दिला. हजारो खोजे लस घेऊन गेले. त्यांना जंतुशास्त्र कळले असे नव्हे. ज्याच्या शब्दावर ते विवाह आणि वारसा ठरवीत, त्याने आपला दंड आधी उघडा केला होता. पुण्यात मात्र सरकारचा हात आधी देवघरात शिरला होता. त्यानंतर त्याच हाताने सुई धरली. तेव्हा लोकांनी ती सुईही बंदुकीच्या जातीची मानली, तर नवल कसले?

सरकारने आणखी एक युक्ती योजली. ज्याच्याजवळ लस घेतल्याचा दाखला असेल त्याला विलगीकरणाच्या छावणीतून सूट. सक्ती नाही, पण दाखला नसेल तर झोपडीत चला! ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना येथे १५ ऑगस्ट २०२१ ची आठवण होईल. त्या दिवसापासून मुंबईची लोकल गाडी करोनाच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना खुली झाली. ज्याचे पोट लोकलवर अवलंबून, त्याने दंड पुढे केला तो आपल्या मनाने की पासाच्या खिडकीसाठी? २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कोणावरही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही. आपल्या शरीरावरचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमात येतो. त्याच निर्णयात असेही म्हटले की, सार्वजनिक आरोग्यासाठी योग्य प्रमाणातली बंधने घालता येतात; मात्र तेव्हाच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवर घातलेली बंधने प्रमाणशीर म्हणता येत नाहीत. १८९८ च्या दाखल्याला असे विचारणारे न्यायालय नव्हते.

त्याच १८९८ साली खुद्द विलायतेत काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. तेथे १८५३ पासून मुलांना देवी टोचणे सक्तीचे होते. लेस्टर शहरातील कामगारांनी त्याविरुद्ध इतका लढा दिला की १८८५ मध्ये प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी १८९८ च्या कायद्याने, ज्या आईबापांची सदसद्विवेकबुद्धी लसीस मान्यता देत नाही त्यांना सूट मिळाली. 'सदसद्विवेकाने नाकारणारा' हा माणूस इंग्रजी कायद्यात शिरला तो लष्कराच्या दाराने नव्हे, देवी डॉक्टरच्या दाराने. राज्यकर्त्यांच्या घरी हा विवेक मान्य झाला, तेव्हा पुण्याच्या झडतीला पुरते दीड वर्षही झाले नव्हते.

पण विश्वासाने सारे सुटते असेही कोणी समजू नये. त्याचा कडेलोट कसा होतो याचे उदाहरण म्हणजे पंजाबातील मुलकोवाल. १९०२ साली पंजाबात लाखो लोकांना प्लेगाची लस देण्याची मोहीम निघाली. तेथे आधीच कंड्या पिकल्या होत्या: सुई हातभर लांब असते, टोचले की मनुष्य तत्काळ मरतो किंवा सहा महिन्यांनी मरतो, पुरुष नामर्द होतात, बाया वांझ. तरीही माणसे येत होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती. ते एकोणीसही धनुर्वाताने गेले.

ती माणसे भोळी नव्हती की हट्टी नव्हती. त्यांनी तेच केले जे शहाण्याने करावे असे आम्ही सारे म्हणतो. ती विश्वास ठेवून पुढे आली, आणि मेली. लस न घेणाऱ्या त्यांच्या शेजाऱ्याला पुढची कित्येक वर्षे कोणता आकडा पटवून देणार होता?

दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला. बाटली मुंबईतच दूषित झाली असावी, असे चौकशी समितीने ठरविले. त्याला पदावरून दूर करण्यात आले. पुढे जी हकीकत बाहेर आली ती अशी: गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आता शाळेतली मुलेही सांगतील. लिस्टर संस्थेने पुरावा तपासून दूषण गावातच झाले असावे असे मत दिले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून त्याची बाजू जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी हाफकिन कलकत्त्यास परत आला, पण मुंबईची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ पासून चालू होती. १९२५ मध्ये तिला त्याचे नाव देण्यात आले. हाफकिन १९३० साली स्वित्झर्लंडात लोझान येथे वारला.

त्याच १९३० च्या आरंभी साबरमतीच्या आश्रमात देवी आल्या. गांधीजींचा देवी काढण्यास विरोध जुना होता. आफ्रिकेत असताना आरोग्यावर लिहिलेल्या लेखांतूनच त्यांनी हा उपाय ओंगळ व हिंसेचा ठरविला होता. आश्रमातील आईबापांनी त्यांच्या शब्दाखातर मुलांना लस टोचली नव्हती. काही मुले गेली. गांधीजी अतिशय व्याकूळ झाले. या मृत्यूंचा भार आपल्या शिरावर आहे, कदाचित हे आपल्याच अज्ञानाचे आणि हट्टाचे फळ असेल, असेही त्यांना वाटले. तरी मत पालटले नाही.

आगाखानांनी दंड उघडला म्हणून खोज्यांनी उघडला. गांधीजींनी झाकला म्हणून आश्रमाने झाकला. दोन्हीकडे गोष्ट एकच होती, श्रद्धेच्या माणसाकडे पाहून ठरविणे. गांधीजींविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे. तरीही म्हणावेसे वाटते की स्वतःच्या देहावर त्यांचा जो अधिकार होता, तो त्या मुलांच्या देहावर नव्हता. राजाजींनी १९५५ मध्ये क्षयावरील बी. सी. जी. लसीविरुद्ध पुस्तिका लिहिली, तेव्हा निदान वाद जाहीर होता. सरकारला उत्तर देता आले.

आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा एक पुरावा आहे, तो दडविणे बरे नव्हे. बळजबरीने सुई बदनाम होते असा आमचा एकंदर रोख आहे. पण देवीचे उच्चाटन ज्या अखेरच्या मोहिमेने झाले, त्या १९७४-७५ च्या मोहिमेत काही ठिकाणी बळजबरी झाली, याची साक्ष तीत काम केलेल्यांनीच दिली आहे. रोगी सापडला की घराला पहारा, भोवतालच्या साऱ्यांना लस, आणि कोणी दार लावून बसले तर दार मोडून आत. भारतातील शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे सापडला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. ज्यांची दारे मोडली त्यांचीही मुले आज या रोगापासून सुरक्षित आहेत. हे खरे आहे, आणि दार मोडले हेही खरे आहे. पुण्यात १८९७ साली दारे मोडली ती रोगी उचलून नेण्यासाठी; येथे मोडली ती एका सुईसाठी. हा फरक लहान म्हणावा की मोठा, हे दाराच्या कोणत्या बाजूस आपण उभे आहोत त्यावर ठरते.

त्यानंतर नव्या बालकांना देवी टोचणे बंद झाले. या मंडपात पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या बहुतेक मंडळींच्या दंडावर ते वण आहेत. मागे उभ्या असलेल्या तरुणांपैकी कोणाच्याही दंडावर ते नाहीत. 'देवी डॉक्टर' म्हणजे कोण, हे त्यांना आज प्रथमच कळले असेल.